तंद्री लागावी म्हणून: एकाग्र कामाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

तंद्री ठरवून लावता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. झोपेसारखंच आहे ते. झोप ओढून आणायला गेलं की ती आणखी लांब पळते. पण दिवा मालवणं, अंथरूण नीट घालणं, पडदा ओढणं एवढं तरी आपल्या हातात असतं. कामातल्या तंद्रीसाठीही अशा काही गोष्टी हातात असतात आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

मी भाषांतराचं काम करते. सुरुवातीची कितीतरी वर्षं मला वाटायचं, काही दिवशी चित्त लागतं आणि काही दिवशी लागत नाही, मनाची मर्जी! न लागलेल्या दिवशी मी स्वतःला आळशी ठरवून मोकळी व्हायची. मग रोज काम संपल्यावर एक-दोन ओळी टिपून ठेवायला लागले आणि काही महिन्यांनी त्या वाचताना चक्रावले. चित्त न लागलेल्या जवळजवळ प्रत्येक दिवशी मी नेमकं काय करायचं हे न ठरवताच बसले होते, नाहीतर झेपणार नाही एवढा घास घेतला होता. इच्छा दोन्ही दिवशी सारखीच होती, फरक कामाच्या बांधणीत होता. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की मनाशी झगडण्याआधी काम तपासा.

तंद्री म्हणजे काय

कामात पूर्ण बुडून जाण्याच्या या अवस्थेला मानसशास्त्रात 'फ्लो' म्हणतात. हा शब्द रूढ केला मिहाय चिकसेंटमिहाय (१९३४–२०२१) या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १९६० च्या दशकात ते चित्रकारांचा अभ्यास करत होते. रंगवताना ही माणसं तहानभूक विसरायची. पण चित्र पूर्ण झालं की त्यातला त्यांचा रस ओसरायचा आणि ती पुढच्या कोऱ्या कॅनव्हासकडे वळायची. त्यांना ओढून घेत होती ती रंगवण्याची क्रिया. पुढे चिकसेंटमिहाय यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद, नर्तक अशा लोकांना बोलतं केलं. कामं इतकी वेगळी, पण वर्णन थक्क व्हावं इतकं सारखं निघालं. आपण प्रवाहाबरोबर वाहत चाललोय असं वाटतं, असं अनेकांनी सांगितलं आणि त्यावरून 'फ्लो' हे नाव पडलं. १९७५ साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं.

खुणा तुमच्याही ओळखीच्या असतील. हात आणि विचार वेगळे राहत नाहीत. 'मी कसा दिसतोय, लोक काय म्हणतील' हा आतला आवाज थांबतो. दोन तास गेले तरी वीस मिनिटं गेल्यासारखी वाटतात. आणि काम संपल्यावर काय मिळणार, याचा तेवढ्यापुरता विसर पडतो.

एकाग्रता आणि तंद्री यांत मात्र गल्लत करू नका. एकाग्रतेला कष्ट पडतात. लक्ष धरून ठेवावं लागतं, सुटलं की पुन्हा आणावं लागतं. तंद्रीत ते धरावं लागत नाही. एकाग्रतेवाचून तंद्री लागणं कठीण. पण प्रत्येक एकाग्र बैठकीत ती लागेलच असं नाही. नवख्या माणसाने रोजची बैठक साधावी आणि तंद्री लागली तर ती वरकड कमाई समजावी. तंद्रीच हवी म्हणून बसलात तर सगळा वेळ 'लागली का, लागली का' हे तपासण्यात जाईल.

पायरी १: कामाला आकार द्या

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. या अभ्यासातून तीन अटी पुन्हा पुन्हा पुढे आल्या: पुढे काय करायचं ते स्पष्ट हवं, केलेलं बरोबर की चूक ते लगेच कळायला हवं आणि काम आपल्या आवाक्याच्या किंचित पलीकडचं हवं. खेळांमध्ये लोक सहज का रंगतात, याचं उत्तर इथेच आहे. बुद्धिबळात काय करायचं ते ठाऊक असतं, चुकीची चाल लगेच अंगाशी येते आणि तोडीचा प्रतिस्पर्धी निवडता येतो. आपल्या रोजच्या कामात या तिन्ही अटी क्वचितच आयत्या मिळतात. त्या आपण घडवायच्या.

आधी स्पष्टपणा. 'अहवाल लिहायचा', 'परीक्षेचा अभ्यास करायचा' ही कामांची नावं नाहीत, ते ढीग आहेत. बैठकीपुरतं काम असं लिहा, की दुसऱ्या कोणाला कागद दिला तरी काय करायचं ते त्याला कळेल. 'अहवालाच्या दुसऱ्या भागातले तीन मुद्दे पूर्ण वाक्यांत लिहायचे.' 'चौथ्या प्रकरणातली पहिली दहा उदाहरणं उत्तर न बघता सोडवायची.' वाक्यात क्रियापद हवं, आणि कुठे थांबायचं तेही.

पुढचा मुद्दा प्रतिसादाचा, आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. वाद्य वाजवणाऱ्याला चुकलेला सूर तत्क्षणी कानावर पडतो. वाचणाऱ्याला मात्र 'मला समजलं' असं तासभर वाटत राहू शकतं आणि प्रत्यक्षात काहीच पोचलेलं नसतं. जिथे प्रतिसाद आपोआप येत नाही तिथे तो तयार करावा लागतो. अभ्यास करत असाल तर दर दोन पानांनी पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवा. लिहीत असाल तर प्रत्येक परिच्छेद झाल्यावर तो हलक्या आवाजात वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य अडलेलं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी लहान तुकडा लिहून लगेच चालवून पाहावा. चित्र काढणाऱ्याने अधूनमधून चार पावलं मागे जाऊन बघावं. मी दर पाच वाक्यांनी मूळ मजकूर झाकते आणि फक्त मराठी वाचते. ते कानाला परकं लागलं, की तिथल्या तिथे दुरुस्त करते. या एका सवयीने माझं काम जितकं बदललं तितकं दुसऱ्या कशानेही बदललं नाही.

तिसरी गोष्ट काठिण्याची, आणि त्यासाठी स्वतःच्या भावनेचा उपयोग करून घ्यायचा. कंटाळा येतोय म्हणजे काम सोपं पडतंय. धास्ती वाटतेय, सारखं उठावंसं वाटतंय, म्हणजे काम जड जातंय. हे कळलं की हात कुठे घालायचा ते कळतं. सोपं पडत असेल तर मर्यादा घाला: तेच काम कमी वेळात, किंवा संदर्भ न उघडता, किंवा एरवीपेक्षा जास्त काटेकोरपणे करून बघा. नुसत्या नोंदी भरायच्या असतील तर 'पहिल्या फेरीत एकही चूक नको' एवढं ठरवलं तरी कामाला धार येते. जड जात असेल तर तुकडा लहान करा, गती कमी करा. वाद्य शिकणारे मेट्रोनोमची (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राची) लय उतरवतात आणि अवघड ओळ एकेक मात्रा घेऊन बसवतात. तीच युक्ती गणिताला आणि लिखाणालाही चालते. सोडवलेलं एखादं उदाहरण आधी नीट वाचा, मग तसंच दुसरं स्वतः सोडवा. पहिला मसुदा मुद्दाम ओबडधोबड लिहा. वेग नंतर येतो.

पायरी २: वेळ आणि जागा नक्की करा

'उद्यापासून रोज बसेन' असा संकल्प टिकत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की कधी, कुठे आणि काय हे आधीच जोडून ठेवलं तर केलेला विचार अमलात येण्याची शक्यता वाढते. म्हणून असं लिहा: 'सकाळी आंघोळ झाली, की मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन आणि काल ठेवलेला कागद उघडेन.' घड्याळापेक्षा आधीच्या कृतीला जोडलेली बैठक जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे.

दिवसाची कोणती वेळ? जी तुमची जागी वेळ असेल ती. कोणी पहाटे तल्लख असतं, कोणी रात्री. आठवडाभर स्वतःकडे लक्ष दिलं की ती कळते. त्या वेळेत ईमेल, बिलं, फोन असली किरकोळ कामं करू नका. ती मंद वेळेतही होतात.

बैठक किती मोठी असावी? पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही 'पोमोडोरो' पद्धत फ्रान्सेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना काढली. पोमोडोरो म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. त्यांच्याकडे टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं. सुरुवात करायला ही पद्धत उत्तम आहे, कारण पंचवीस मिनिटांची भीती वाटत नाही. पण एकदा बसायची सवय लागली की तोच गजर तंद्री मोडायला लागतो. तेव्हा पहिले दोन आठवडे पंचवीस मिनिटं, मग चाळीस-पन्नास, आणि जमलंच तर कधीतरी नव्वद अशी वाढ करा.

दिवसभराची मर्यादाही ओळखून असा. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सर्वांत तयारीचे विद्यार्थीसुद्धा एकट्याने करायचा कसून सराव दिवसाला साधारण साडेतीन ते चार तासच करत होते, तोही तुकड्यांत, आणि दुपारी डुलकी काढत होते. आठ तास सलग एकाग्र राहण्याचा बेत आखून पहिल्याच दिवशी निराश होणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. नवख्याला रोज एक बैठक पुष्कळ झाली.

पायरी ३: फोन दुसऱ्या खोलीत

फोन पालथा घालून ठेवला, आवाज बंद केला, एवढ्याने भागत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा पिशवीत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवून त्यांच्याकडून बुद्धीला ताण देणाऱ्या चाचण्या सोडवून घेतल्या. दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांची कामगिरी सरस ठरली. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण फोन घ्यायला उठून चालावं लागलं, की अर्ध्या वेळा आपण उठतच नाही. मला तरी एवढं कारण पुरतं. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल बाहेर असेल, तर ठरावीक नंबरांचेच कॉल वाजतील अशी सोय करून ठेवा; नाहीतर काळजीच लक्ष खाईल.

संगणकावर कामाला लागणारी खिडकी तेवढी उघडी ठेवा. बोल असलेलं गाणं वाचनात आणि लेखनात आड येतं, कारण मेंदू त्या शब्दांचाही अर्थ लावत बसतो. हाताच्या कामाला ते चालतं.

घरातल्यांना किंवा सहकाऱ्यांना 'मला त्रास देऊ नका' म्हणण्यापेक्षा 'मी साडेदहाला मोकळी होईन' असं सांगा. वेळ कळली की माणसं आपणहून थांबतात. आणि ज्यांना आपल्या वेळेवर ताबाच नाही, लहान बाळ सांभाळणारे, आजाऱ्याची शुश्रूषा करणारे, सतत लोकांना सामोरं जाण्याची नोकरी असणारे, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. पंधरा मिनिटांचा तुकडा मिळाला तर तेवढ्यात मावेल असं काम आधीच कागदावर तयार ठेवा. मोठ्या तंद्रीची वाट बघत ती पंधरा मिनिटं घालवू नका.

पायरी ४: डोक्यातली गर्दी कागदावर उतरवा

बाहेरचे आवाज बंद केले तरी आतले उरतातच. अर्धवट राहिलेलं काम मनात डोकावत राहतं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अपुरं सोडून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि नवं काम खालावतं. आणि २०११ च्या एका अभ्यासात आढळलं, की अपुरं काम पूर्ण केलं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला, तर त्याचं डोकावणं थांबतं.

म्हणून बैठकीआधी तीन मिनिटं घ्या. डोक्यात घोळणारं सगळं कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे केव्हा करणार ते लिहा. तोच कागद उजव्या हाताला राहू द्या. बैठकीच्या मध्येच 'अमक्याला फोन करायचा राहिला' असं आठवलं, की एका शब्दात नोंदवा आणि परत फिरा.

पायरी ५: पहिली पंधरा मिनिटं सोसा

सगळी तयारी करून बसलात, आणि तरीही मन लागत नाही. बहुतेक लोक इथे उठतात. 'आज जमणार नाही' असा निकाल ते पाचव्या मिनिटाला देतात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण ही टोचणी जवळजवळ सगळ्यांनाच लागते. माझं काम मला आवडतं, तरी पहिली पंधरा-वीस मिनिटं मलाही रोज जड जातात. वाक्यं लाकडी येतात, पाय अवघडतात, कुठलं तरी कपाट आवरायची तीव्र इच्छा होते. आता मला ठाऊक आहे की हे संपतं, म्हणून मी बसून राहते.

या काळासाठी एक साधी, विचार न करावा लागणारी कृती ठरवून ठेवा आणि रोज तीच करा. मी आदल्या दिवशीचा शेवटचा परिच्छेद पुन्हा टंकते. चित्रकाराने सरळ रेघा ओढाव्या, विद्यार्थ्याने काल सोडवलेलं एक उदाहरण पुन्हा सोडवावं. हात चालू झाले की मन मागून येतं.

मन भटकलं म्हणून चिडू नका. २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सुमारे २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसभरात अवचित गाठून, आत्ता मन कुठे आहे ते विचारलं. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. शिवाय मन भटकलेलं असताना लोक सहसा कमी आनंदी होते. तेव्हा तुमचं मन काही जगावेगळं नाही. भटकलं हे लक्षात आलं, की शेवटचं लिहिलेलं वाक्य वाचा आणि पुढचा शब्द लिहा.

पायरी ६: तंद्री लागल्यावर

काही करू नका. घड्याळ बघू नका. त्यासाठी गजर आहे. चूक दिसली तर खूण करून पुढे जा.

थांबताना मात्र एक काळजी घ्या. पुढचं पाऊल स्पष्ट दिसत असेल तिथेच थांबा आणि ते एका ओळीत लिहून ठेवा: 'आता तिसरा मुद्दा, सुरुवात अमुक उदाहरणाने.' सगळं पिळून काढून थांबलात तर उद्याची पहिली पंधरा मिनिटं दुप्पट जड जातील.

पायरी ७: विश्रांतीही नीट घ्या

बैठकीनंतर थकवा येतो, तो खरा असतो. उठा, चाला, पाणी प्या, लांबवर बघा. मधल्या सुट्टीत फोनवरच्या बातम्या आणि चित्रफिती चाळल्या तर डोकं रिकामं होण्याऐवजी नव्या विषयांनी भरतं, आणि पायरी चारवर सांगितलेली अडचण पुन्हा उभी राहते.

झोप कमी असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या लंगड्या पडतात. संध्याकाळची कॉफी टाळता आली तर टाळा. शरीरातलं निम्मं कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहूनही जास्त.

बरं वाटणं आणि बरं असणं

१९८९ साली चिकसेंटमिहाय आणि जुडिथ लफेव्हर यांनी नोकरदारांना पेजर देऊन, तो वाजेल तेव्हा काय करताय आणि कसं वाटतंय याची नोंद करायला सांगितलं. फ्लोला पोषक क्षण फुरसतीपेक्षा कामावर कितीतरी जास्त निघाले. तरीही कामावर असताना लोकांना वाटत होतं, आत्ता दुसरं काही करत असतो तर बरं! मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. फुरसतीत आपण बहुतेकदा ज्यात काही कस लागत नाही असं निवडतो आणि मग कंटाळतो. म्हणून या पायऱ्या नोकरीपुरत्या ठेवू नका. बागकाम, विणकाम, गाणं, कोडी, पोहणं, जे हाताला कस लावेल त्यात आठवड्यातून एखादी बैठक जाऊ द्या.

पण तंद्री लागते ती प्रत्येक गोष्ट भल्याची असते असंही नाही. जुगाराच्या यंत्रापुढे बसलेला माणूसही वेळेचं भान हरपतो. न संपणारे खेळ तर त्यासाठीच घडवलेले असतात. उठल्यावर स्वतःला विचारा, हातात काही कौशल्य वाढलं का, मन भरलं का, की नुसतं सुन्न झालं? उत्तर आपल्याला बहुधा ठाऊक असतं. कामाच्या तंद्रीपायी जेवण, झोप, घरची माणसं सतत बाजूला पडत असतील तर तीही तपासायची गोष्ट आहे.

आणि महिनोन्महिने दहा मिनिटंही लक्ष ठरत नसेल, झोप उडाली असेल, मन सतत खिन्न किंवा धास्तावलेलं असेल, तर डॉक्टरांना भेटा. लक्ष न लागण्यामागे नैराश्य, चिंताविकार, अवधानाच्या तक्रारी, थायरॉइडचा त्रास अशी कारणं असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. तिथे गजराचं घड्याळ पुरं पडत नाही.

पहिले चौदा दिवस

रोज एक बैठक, पंचवीस मिनिटं. संपल्यावर एका ओळीत चार गोष्टी टिपा: काम नेमकं काय होतं, सोपं पडलं की जड, बरोबर-चूक लगेच कळत होतं का आणि मन साधारण कितव्या मिनिटाला स्थिरावलं. बैठक चुकली तर का चुकली तेवढं लिहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

पंधराव्या दिवशी त्या ओळी एका दमात वाचा. वाईट गेलेल्या दिवसांपुढे खूण करा आणि पहिल्या पायरीतल्या तीन अटींपैकी त्या दिवशी कोणती नव्हती ते शोधा. बहुतेकांच्या बाबतीत एकच अट पुन्हा पुन्हा गळालेली सापडते. माझ्या वहीत ती पहिली होती, काय करायचं ते नीट न लिहिणं. पुढच्या चौदा दिवसांत तेवढी एकच दुरुस्त करा. बाकी सगळं होतं तसं राहू द्या.